चिनी मुलें आणि विलायती चाळणी

इंग्रजी नाटक मराठींत आणावयाचें तर शब्दास शब्द ठेवावा, कीं मूळ वस्तूला आपल्याकडील नांव-गांव, वेष आणि रीतभात द्यावी, हा आपल्या वाङ्मयांतला जुना वाद आहे. आगरकरांचें 'विकारविलसित' इ. स. १८८३ मधलें व देवलांचा 'झुंझारराव' १८९० मधला. 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' या वेषांत आपल्या घरीं आले, आणि तेव्हांपासून भाषांतर कोणतें व रूपांतर कोणतें यावर आपल्या मासिकांनीं पुष्कळ शाई खर्च केली. ती वायां गेली असें आम्ही म्हणत नाहीं. पण आज ज्या रूपांतराचें परीक्षण आम्ही करणार आहों तें नाटकाचें नव्हे आणि कादंबरीचेंहि नव्हे. तें अवघ्या वीस-तेवीस प्रश्नांचें एक पत्रक आहे. त्याला नायक नाहीं, रस नाहीं, ग्रंथकाराचा अहंकार तर मुळींच नाहीं. तरीहि त्याचें रूपांतर फसलें तर होणारें नुकसान नाटक पडल्यानें होणाऱ्या नुकसानीहून फार मोठें असतें. नाटक पडलें तर थिएटर रिकामें राहतें. येथें एखाद्या मुलाचीं पहिलीं चार वर्षें रिकामीं जातात.

स्वमग्नता हा शब्द आमच्या वाचकांस आतां अपरिचित नाहीं. ब्लॉयलर या स्विस मानसवैद्यानें गेल्या शतकाच्या आरंभीं 'ऑटिझम' हा मूळ शब्द घडविला तो निराळ्याच विकाराच्या एका लक्षणासाठीं. १९४३ सालीं बाल्टिमोर येथें लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं आणि तो शब्द बालकांच्या एका स्वतंत्र अवस्थेला चिकटला. पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथें हान्स आस्पर्गर यांनीं अशाच कांहीं मुलांविषयीं लिहिलें. ही अवस्था रक्त तपासून कळत नाहीं. तिचें निदान मुलाच्या वागण्यावरून करावें लागतें, आणि दीड वर्षाच्या मुलाचें वागणें त्याच्या माणसांस विचारल्याशिवाय वैद्यास समजत नाहीं. म्हणजे या शास्त्राचें पहिलें उपकरण काचेचें वा पोलादाचें नसून वाक्याचें आहे. वाक्याची परीक्षा करणें हा आमच्यासारख्यांचा धंदा असल्यामुळें या विषयांत तोंड घालण्याचा थोडा अधिकार आम्हांसहि आहे, असें आम्ही समजतों.

या वाक्यांचा वंश थोडक्यांत सांगतों. १९९२ सालीं इंग्लंडांत सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं 'चॅट' नांवाची तपासणी-यादी प्रसिद्ध केली. अठरा महिन्यांच्या मुलासाठीं ती होती. नऊ प्रश्न आईबापांस विचारावयाचे आणि पांच गोष्टी घरीं येणाऱ्या परिचारिकेनें किंवा डॉक्टरानें स्वतः पाहावयाच्या. अमेरिकेंत अशी घरोघर जाणारी परिचारिका नाहीं, म्हणून २००१ सालीं तेथील डायना रॉबिन्स आदि संशोधकांनीं पाहण्याचा भाग गाळून सगळे मिळून तेवीस प्रश्न आईबापांकडेच सोंपविले, ही 'एम-चॅट'. २०१४ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत तीन प्रश्न कमी होऊन वीस राहिले, आणि संशयास्पद उत्तरें आल्यास पुन्हां मुलाखत घेण्याची व्यवस्था तींत आहे. मोठ्या मुलांसाठीं केंब्रिजमध्यें 'कास्ट' नांवाची सदतीस प्रश्नांची निराळी यादी तयार झाली. या सगळ्या याद्या निदान करीत नाहींत. त्या चाळण्या आहेत. ज्यांच्याकडे तज्ज्ञानें नीट पाहावें अशीं मुलें वेगळीं काढणें, एवढेंच त्यांचें काम.

चीनमध्यें या विषयाचा उघड इतिहास १९८२ सालीं सुरू होतो. त्या वर्षीं नानजिंग येथील मानसवैद्य ताओ कुओ-ताइ यांनीं चार मुलांची हकीकत छापली. चाळीस वर्षांपूर्वीं बाल्टिमोरला अकरा, आणि येथें जगांतल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रांत चार! तेथून पुढें मोजदाद सुरू झाली खरी, पण बहुधा ती ज्या चाळणीनें झाली ती १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें हेलन क्लॅन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली चौदा लक्षणांची यादी होती. चौदांपैकीं सात लक्षणें जुळलीं तर मूल संशयित, असा तिचा मूळ हिशेब. बहिऱ्यासारखें वागणें, वस्तु गरगर फिरवीत बसणें, भलत्या वेळीं हसणें, खऱ्या धोक्याची भीति नसणें अशीं ठळक लक्षणें तींत आहेत. १९६९ सालच्या कल्पनेप्रमाणें ती योग्यच होती. परंतु त्यानंतर या अवस्थेची व्याख्या फार विस्तारली. आस्पर्गरनें वर्णिलेलीं बोलकीं, हुशार, पण माणसांत न मिसळणारीं मुलेंहि तींत आलीं, आणि २०१३ सालीं अमेरिकन मानसवैद्यांच्या नव्या नियमावलीनें या सर्वांस एकाच छत्राखालीं घेतलें. चीनमधली जुनी चाळणी मात्र मोठ्या भोंकांचीच राहिली. परिणाम काय झाला? मुख्य भूमि, हाँगकाँग आणि तैवान येथील उपलब्ध गणना एकत्र करून २०१३ सालीं जो आढावा निघाला, त्यांत दहा हजार मुलांमागें २६.६ असा आंकडा आला. पाश्चात्त्य देशांत तो शंभराच्या आसपास होता. या फरकावरून चिनी कुटुंबपद्धतीचीं स्तोत्रें गाणारे लोकहि निघाले असते. सुदैवानें केंब्रिजच्या 'कास्ट'चें मंदारिन रूपांतर त्या सुमारास तयार झालें होतें. तें घेऊन जिलिन शहरांतल्या ७,२५८ मुलांत शोध झाला, साध्या शाळांतहि आणि विशेष शाळांतहि. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष दहा हजारांमागें १०८. म्हणजे मुलें होतींच. तीं साध्या शाळेच्या मागल्या बांकांवर बसलीं होतीं, आणि त्यांना कोणी हट्टी म्हणत होतें, कोणी मुखदुर्बळ, कोणी बिघडलेलीं.

आतां नांवाविषयीं दोन शब्द. मराठींतला 'स्वमग्न' हा शब्द ऐकावयास गोड आहे, आणि तोच त्याचा दोष. स्वमग्न म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें नदीकांठीं बसलेला कवि किंवा आसनस्थ योगी येतो. अंगठ्यानें तीच फरशी तासभर घासणारें, नवा सदरा घातला म्हणून किंचाळणारें मूल येत नाहीं. चिनी भाषेंत दोन नांवें चालतात. एकाचा अर्थ 'स्वतःला आंत कोंडून घेण्याचा रोग' असा होतो. तैवान-हाँगकाँगमध्यें तोच शब्द रूढ आहे. मुख्य भूमीवरच्या सरकारी कागदांत दुसरें नांव येतें, त्याचा अर्थ 'एकाकीपणाचा रोग'. या दुसऱ्या शब्दाचीं दोन अक्षरें फार जुनीं आहेत. मेंशियसच्या ग्रंथांत त्यांपैकीं पहिलें बाप नसलेल्या मुलासाठीं व दुसरें मूल नसलेल्या वृद्धासाठीं योजलेलें आहे. कॅनरच्या मागून कित्येक वर्षें पाश्चात्त्य वैद्यांनीं या मुलांच्या आयांस थंड हृदयाच्या ठरवून त्यांच्यावर दोष ठेवला. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनीं त्यावर मोठें पुस्तकहि लिहिलें, आणि पुढें तें मत खोटें ठरलें. शास्त्रानें तो आरोप मागें घेतला, पण चिनी सरकारी नांवांत आईबाप जिवंत असलेल्या मुलाला पोरकेपणाचें अक्षर अजून चिकटलेलेंच आहे. प्रश्नावलीच्या मथळ्यावर तें वाचून जी आई लेखणी उचलते, तिचें पहिलें उत्तर कितपत मोकळें असेल?

मुख्य प्रश्नांकडे वळूं. इंग्लंडच्या यादींत परिचारिकेनें पाहावयाच्या ज्या गोष्टी आहेत त्यांत एक अशी: मुलाच्या हातीं खेळण्यांतला कप व किटली द्यावी आणि 'चहा कर पाहूं' म्हणावें. मूल चहा ओतण्याचें, पिण्याचें सोंग करतें कीं नाहीं हें पाहावयाचें. चहा चीनमधून इंग्लंडांत गेला. तेथें त्यांत दूध-साखर पडली, किटलीला लोकरी टोपी मिळाली, आणि दोन-तीनशें वर्षांनीं तोच चहा परीक्षक होऊन चिनी बालकापुढें परत आला! घरचाच पाहुणा, पण ओळखूं न येणारा. चिनी घरांत कित्येक ठिकाणीं पानें थेट झांकणाच्या पेल्यांत पडतात व त्यांवर दिवसभर गरम पाणी ओतलें जातें. दक्षिणेकडे लहान पेल्यांचा जो थाट असतो तो मोठ्यांचा असतो, आणि तेथें मुलाचा हात पुढें आला तर तो मागें सारला जातो. किटलींतून कपांत ओतण्याचें नाटक ज्या मुलानें कधीं पाहिलेंच नाहीं तें मूल तें करणार कसें? दीड वर्षाचें मूल सोंग करतें तें पाहिलेल्याचें. येथें जाणता रूपांतरकार आणि नुसता भाषांतरकार वेगळे पडतात. भाषांतरकार किटलीला चिनी शब्द शोधतो, आणि तो सहज सांपडतो. रूपांतरकार विचारतो, या प्रश्नाचा जीव कशांत आहे? तो चहांत नाहीं. जें नाहीं तें आहे असें मानून खेळण्याच्या शक्तींत आहे. तेवढी राखली कीं किटली खुशाल टाकावी; बाहुलीला भाताचा घास भरवावा, रिकाम्या वाटींतलें सूप फुंकून प्यावें. अमेरिकन यादींत याच जागीं खोटा टेलिफोन येतो. तोहि आतां धोक्याचाच झाला आहे. आमच्या पिढीचें मूल मुठीचें रिसीव्हर करून कानाला लावी; आजचें मूल सपाट पाटीवर बोट फिरवितें, आणि तें खेळत आहे कीं खरोखरच कांहीं उघडीत आहे हें आईलाहि सांगतां येत नाहीं.

सुधारलेल्या अमेरिकन आवृत्तीनें बहुतेक प्रश्नांना उदाहरणें जोडलीं: आकाशांतलें विमान, रस्त्यावरचा मोठा ट्रक, घर झाडण्याच्या यंत्राचा आवाज. उदाहरणानें प्रश्न स्पष्ट होतो हें खरें, पण प्रत्येक उदाहरण ही रूपांतरकारापुढें नवी अडचण असते. ज्या घरांत केरसुणीच आहे तेथें यंत्राचा आवाज ऐकून मूल कान झांकतें का, या प्रश्नाला 'नाहीं' असें खरें उत्तर येतें आणि तें निरोगीपणाच्या खात्यांत जमा होतें.

नांवाच्या हाकेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मूल आपल्या नांवाला ओ देतें का, हा अमेरिकन यादींतल्या सहा निर्णायक प्रश्नांपैकीं एक. पण कोणत्या नांवाला? चिनी मुलाला एक कागदोपत्रींचें नांव असतें, आडनांवासकट, आणि एक घरगुती. या दुसऱ्याला चिनींत 'दुधाचें नांव' असाच शब्द आहे. आपलें पाळण्यांतलें नांव आणि सोन्या-बबड्या यांसारखाच हा प्रकार. दवाखान्यांत परिचारिका पुठ्ठ्यावरचें संपूर्ण नांव मोठ्यानें वाचते, मूल ढिम्म. तें स्वमग्न आहे म्हणून नव्हे, तर त्या नांवाच्या गृहस्थाशीं त्याचा अजून परिचय झालेला नाहीं म्हणून. उलट आजी खऱ्या लक्षणाकडेहि 'हाक चुकीच्या नांवानें मारली' म्हणून काणाडोळा करूं शकते. प्रश्नांत 'घरीं ज्या नांवानें हाक मारतां त्या नांवाला' हे सात शब्द घातले तर सारा घोटाळा मिटतो, पण मूळ इंग्रजींत ते नाहींत, आणि प्रामाणिक भाषांतरकाराला पदरचे सात शब्द घालण्याची भीति वाटते.

ही भीति पोसणारी एक रीत या शास्त्रांत आहे. १९७० सालीं ब्रिस्लिन यांनीं ती सुचविली: इंग्रजीचें चिनी करावें, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसानें त्या चिनीचें पुन्हां इंग्रजी करावें, आणि दोन इंग्रजी ताडून पाहावे. मोठ्या चुका पकडावयास ही रीत उत्तम. पण वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां ती शब्दशः भाषांतरालाच बक्षीस देते. खेळण्यांतली किटली चिनींत जाते आणि जशीच्या तशी इंग्रजींत परत येते; परीक्षक म्हणतो, वाहवा! ज्यानें किटली काढून भाताची वाटी ठेवली त्याच्या प्रतीवर लाल रेघ पडते. देवलांचा झुंझारराव जर कोणी इंग्रजींत परत नेऊन 'ऑथेल्लो'शीं ताडला असता, तर देवल नापास झाले असते.

भाषेच्या अंगभूत अडचणी निराळ्याच. चिनींत 'होय' आणि 'नाहीं' अशा अर्थाचे दोन स्वतंत्र, सर्वत्र चालणारे शब्द नाहींत. ज्या क्रियापदानें प्रश्न केला तेंच परत उच्चारून किंवा त्यापूर्वीं नकार जोडून उत्तर देतात. तेवीस प्रश्नांच्या यादींत चार प्रश्न असे आहेत कीं तेथें होकार वाईट आणि बाकीच्यांत होकार चांगला. घाईनें खुणा करणारी आई सगळीकडे एकाच रकान्यांत खूण करून मोकळी होते. सर्वनामाचेंहि तसेंच. 'मी'च्या जागीं 'तूं' म्हणणें हें कॅनरनें नोंदलेलें प्रसिद्ध लक्षण, आणि 'कास्ट'मध्येंहि त्यावर प्रश्न आहे. परंतु चिनी वाक्य सर्वनामावांचून सुखानें उभें राहतें, क्रियापद पुरुषाप्रमाणें बदलत नाहीं, आणि घरांतलीं मोठीं माणसें मुलाशीं बोलतांना स्वतःला आई, आजी असेंच म्हणतात. लक्षण प्रगट होण्याची जागाच कमी. मराठींत सर्वनाम गाळलें तरी 'जातों' कीं 'जातोस' यांत चोर पकडला जातो. चिनींत तीहि सोय नाहीं.

'कास्ट'मधल्या आणखी एका प्रश्नाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मुलाला कल्पनेचे खेळ अधिक आवडतात कीं आंकडे आणि माहितीच्या याद्या, असा त्याचा आशय. ज्या घरांत चार वर्षांच्या नातवानें पाहुण्यांपुढें शंभरापर्यंत आंकडे म्हणून दाखविणें हा कुलाचा गौरव, तेथें या प्रश्नाचें उत्तर आजोबा छाती फुगवून देणार. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पावकी-निमकी पाठ म्हणून बक्षिसाचा पेढा खाल्ला असेल त्यांस अधिक सांगावयास नको.

आणि उत्तर देणारें तरी कोण? प्रश्नावली 'तुमचें मूल' म्हणते. चिनी खेड्यांतून लक्षावधि आईबाप शहरांत कामाला गेले आहेत, मुलें आजी-आजोबांपाशीं. वर्षांतून एकदां नववर्षाला येणारी आई मुलाच्या बोटाच्या खुणांविषयीं काय सांगणार? आजी सांगूं शकेल. पण तिच्याजवळ एक म्हण आहे, कीं थोर माणसें उशिरां बोलूं लागतात. आपल्याकडेहि 'त्याचा बाप तिसऱ्या वर्षीं बोलला' हें वाक्य ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें घर विरळा. म्हण गोड आहे आणि तिनें वर्षें खाल्लीं आहेत. शिवाय १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत एका अपत्याचा कायदा असल्यामुळें कित्येक शहरी घरांत दुसरें मूलच नव्हतें. 'इतर मुलांत रस घेतो का' या प्रश्नाला आधीं इतर मुलें हवींत.

एवढें वाचून कोणास वाटेल कीं सारा दोष परक्या संस्कृतीचा, आणि पूर्वेकडचें मूल पश्चिमेच्या मापानें मोजतांच येत नाहीं. हें मत आम्हांस मान्य नाहीं. चिनी मुलांस वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत पाहूं नये असें शिकवितात, म्हणून दृष्टिभेटीचा प्रश्न तेथें निरुपयोगी, असें जें ऐकूं येतें तें सात-आठ वर्षांच्या विद्यार्थ्याविषयीं कदाचित् खरें असेल. अठरा महिन्यांच्या बालकाला अजून कोणी शिष्टाचार शिकविलेला नसतो. नवी वस्तु दिसली कीं तें आईच्या तोंडाकडे पाहतें, पेकिंग असो कीं पैठण. दुसरें असें, कीं खुद्द इंग्लंडांत १६,२३५ मुलांवर 'चॅट'ची परीक्षा झाली तेव्हां पुढें स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकीं शेंकडा ३८ च तिच्या हातीं लागलीं. मूळ भाषेंत, मूळ देशांत, मूळ किटलीसह! तेव्हां प्रत्येक भोंकाचें खापर भाषांतरावर फोडणें हा अन्याय आहे.

या सर्व खटपटींत हाँगकाँगच्या व्हर्जिनिया वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेलें 'चॅट-२३' हें आमच्या मतें खरें रूपांतर. त्यांनीं अमेरिकेचे तेवीस प्रश्न घेतले आणि अमेरिकेनें टाकलेला इंग्लंडचा पाहण्याचा भाग परत आणला. होय-नाहीं काढून 'कधींच नाहीं' पासून 'पुष्कळदां' पर्यंत चार पायऱ्या ठेवल्या. हा बदल लहान दिसतो, पण तो मोठ्या समजुतीचा आहे. सरळ 'नाहीं' लिहिणें म्हणजे आपल्याच मुलावर शिक्का मारणें. 'क्वचित्' लिहावयास आईचा हात धजतो. मग त्यांनीं २१२ मुलें तपासलीं, ८७ स्वमग्न गटांतलीं आणि १२५ त्याबाहेरचीं, सर्वांचें मानसिक वय अठरा ते चोवीस महिने. कोणते प्रश्न या दोन गटांस खरोखर वेगळे करतात तें पाहतां सात निघाले: अनुकरण, सोंगाचा खेळ, आवडलेली वस्तु बोटानें दाखविणें, वस्तु आणून दाखविणें, दुसऱ्याच्या बोटाच्या रोखानें पाहणें, इतर मुलांत रस, आणि नवलाच्या वेळीं आईच्या चेहऱ्याकडे पाहणें. अमेरिकन सहांपैकीं पांच यांत आहेत. गळाला तो नांवाला ओ देण्याचा! दुधाच्या नांवाचा घोटाळा हेंच त्याचें कारण असें आम्ही म्हणणार नाहीं. मानसिक वयावरून निवडलेलीं मुलें वर्षांनीं मोठीं असूं शकतात, आणि मोठें मूल हाकेला ओ देण्यास कसेंबसें शिकलेलें असतें. तरी पण मूळ ग्रंथांतला मानाचा प्रश्न रूपांतरांत आपली जागा गमावतो, आणि मूळांत मागें बसलेला सोंगाचा खेळ पुढें येतो, हें त्यांनीं आधीं न ठरवितां मुलांकडूनच शिकून घेतलें, यांत त्यांचा मोठेपणा आहे.

आतां दोष. सातांपैकीं कोणतेहि दोन प्रश्न चुकले तर संशय धरावा, या नियमानें स्वमग्न मुलांपैकीं शेंकडा ९३.१ पकडलीं गेलीं व इतरांपैकीं शेंकडा ७६.८ सुटलीं. आंकडे भरदार दिसतात, कारण त्या २१२ मुलांत शेंकडा चाळीसांहून अधिक मुलें स्वमग्न होतीं. हीच चाळणी दहा हजार सामान्य मुलांवर धरा. शेंकडा एक हें प्रमाण मानल्यास शंभर मुलें स्वमग्न, त्यांतलीं ९३ सांपडतील. परंतु उरलेल्या ९,९०० पैकीं शेंकडा २३.२, म्हणजे सुमारें २,३०० मुलेंहि चाळणीवर राहतील. पंचवीस-सव्वीस घरांत चिठ्ठी जाईल, तेव्हां त्यांतल्या एका घरीं ती खरी असेल. बाकीच्या घरांत त्या रात्रीं काय होतें हें कोणत्याहि तक्त्यांत येत नाहीं. सून मुलाला घट्ट धरून बसते, सासू कोणाच्या कुळांत असें होतें याचा शोध लावते, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल दर पांच मिनिटांनीं नांवानें हाक खातें. म्हणूनच २०१४ च्या आवृत्तींतली मुलाखत आम्हांस प्रश्नांहूनहि मोलाची वाटते. आठ किंवा अधिक उत्तरें संशयाचीं आलीं तर मूल सरळ तज्ज्ञाकडे. तीनपासून सातपर्यंत आलीं तर आधीं आईला बसवून विचारावयाचें: तो बोट दाखवीत नाहीं म्हणतां, मग हवें असेल तेव्हां काय करतो? या एका 'मग'नें पुष्कळ खोटीं उत्तरें गळतात. छापील प्रश्नांत 'मग' नसतो.

'चिनी मुलें' हा शब्दप्रयोगहि सैलच आहे. हाँगकाँगचें मूल घरीं कँटनी ऐकतें, जिलिनचें मंदारिन. लिपी कागदावर त्यांस एकत्र आणते, कानावर नाहीं.

भाषांतराच्या बंधनांतून सुटून चिनी वैद्यांनीं स्वतः जें घडविलें त्याचा नमुना २०१७ सालच्या तेथील तज्ज्ञांच्या एकमतपत्रांत मिळतो. त्यांनीं लहान मुलांचीं लक्षणें पांच नकारांत बसविलीं: न पाहणें, न ओ देणें, न बोट दाखविणें, न बोलणें, आणि पांचवें, अयोग्य वागणें. चिनींत प्रत्येक नकार दोन अक्षरांचा. पांचहि एका श्वासांत म्हणतां येतात आणि खेड्यांतल्या दाईच्याहि ध्यानांत राहतात. हें पाहून आमच्यांतला शिक्षक प्रसन्न झाला. आमच्यांतला टीकाकार मात्र पांचव्यापाशीं अडखळला. पहिले चार नकार डोळ्यांस दिसणारे, कोणीहि मोजावे. पांचव्यांत मात्र पाहणाराच न्यायाधीश होऊन बसतो. योग्य काय हें ठरविणारा तो कोण? तसेंच पहिल्या चारांत 'न'च्या शेजारीं कंसांत 'कमी' असा शब्द बसविला आहे. म्हणजे न पाहणें अथवा कमी पाहणें. तोंडपाठ करतांना कंस गळतो आणि 'न' राहतो. थोडें पाहणारें, कधींतरी ओ देणारें मूल, ज्याच्यासाठीं चाळणीची खरी गरज, तें त्या कंसाबरोबर गळून जातें.

२०२२ सालीं चीनच्या आरोग्य आयोगानें जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं चाळणीचे नियम काढले. नेहमींच्या तपासणीबरोबरच अकरा वेळां वागण्याची व वाढीची पाहणी व्हावी, संशय आल्यास दुसरी, अधिक बारीक तपासणी, आणि मग निदान, असा क्रम त्यांत आहे. एकदांच विचारून मोकळें होण्यापेक्षां हें शतपट चांगलें. अकरांत एखाद्या वेळीं तरी आजीऐवजीं आई भेटेल, किंवा मुलाचा दिवस चांगला असेल. सहा ते बारा वर्षांच्या मुलांची आठ शहरांतली जी मोठी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली तींत सव्वा लाखावर मुलें होतीं आणि प्रमाण शेंकडा ०.७० आलें. तींत वापरलेली अमेरिकन मापनश्रेणीहि चिनी मुलांकरितां आधीं बदलून घेतलेली होती. जिलिनच्या आंकड्याहून हा कमी कां, यावर तेथील विद्वान् वाद घालीत आहेत, आणि तो वाद आतां किटलीवर नसून चाळणी कोणत्या शाळांच्या दारांत धरली यावर आहे.

आपल्याकडे २००९ सालीं राष्ट्रीय संस्थेनें केलेली चाळीस कलमांची भारतीय मापनश्रेणी आहे. पण ती मुख्यतः प्रमाणपत्रासाठीं, निदान होऊं घातलेल्या मुलाचें माप घेण्यासाठीं. दीड वर्षाच्या मुलाकरितां मराठी आईपुढें ठेवावयाचें पत्रक जो कोणी लिहील त्यानें इंग्रजी यादी उजव्या हाताला आणि हाँगकाँगची डाव्या हाताला ठेवावी. पहिल्या प्रश्नाचा मसुदा आम्ही येथेंच देऊन ठेवतों: 'घरांत सगळीं जणें त्याला ज्या नांवानें हाक मारतात तें नांव येथें लिहा. मागून, तोंड न दाखवितां, त्या नांवानें हाक मारली तर तो वळून पाहतो का? दहा वेळां मारली तर किती वेळां?'